जर्मनचं ताट



बरेच दिवस झाले ना? शेवटचं काही लिहिलं ते 2024 च्या दिवाळीत, बिघडलेल्या चकल्यांवर. त्यानंतर मी एकदम गप्प. कुणी फोन केले, कुणी घरच्यांकडे चौकशी केली, एक-दोघांनी तर 'काकू रुसल्या की काय' असंही विचारलं. सगळ्यांना एकच उत्तर मिळालं. "अहो, निमोनिया झाला होता. विश्रांती चालू आहे."

तर पहिली गोष्ट ही की तो निमोनिया नव्हता. मला टीबी झाला होता. फुप्फुसाचा क्षय. सहा महिने औषध घेतलं, जुलै 2025 च्या अखेरीस ते संपलं, थुंकी पुन्हा तपासली, ती स्वच्छ आली. वजन बावन्नवरून त्रेचाळीस झालं होतं, औषध संपेपर्यंत एकोणपन्नासवर आलं. जिना एका दमात चढता येतो. आवाज अजून थोडा बसका आहे, पण नातीला तो आवडतो, वाघाची गोष्ट सांगताना उपयोगी पडतो म्हणे.

ही झाली बातमी. घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल. बाकीचं आहे ते मी खोटं का बोलले, त्याबद्दल.

झालं असं की दिवाळीपासून खोकला होता. आधी वाटलं फटाक्यांचा धूर, मग वाटलं साताऱ्याची थंडी. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पंधरा दिवसांनी दुसरं दिलं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा, खरं सांगते, मला बरंच वाटलं होतं. आठ वर्षं मधुमेह आहे, वजन कमी करा असं सगळेच सांगतात, म्हटलं झालं एकदाचं! जानेवारीत एका सकाळी बेसिनमध्ये लाल रेघ दिसली तेव्हा मात्र हसू पळालं.

एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ठिगळ दिसलं. मग थुंकीची तपासणी. आता ती यंत्रावर होते, सीबीनॅट म्हणतात. जंतू आहे का हे तर कळतंच, पण मुख्य औषधाला, रिफाम्पिसिनला, तो दाद देणार की नाही हेही त्यातच कळतं. माझा जंतू दाद देणारा निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नशीबवान आहात. सहा महिन्यांत मोकळ्या." मी विचारलं, कुठून आला असेल? त्या म्हणाल्या, तो शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो, आणि मधुमेहासारखं काही झालं की उठतो. कुठून आला हे बहुतेक वेळा कळत नाही. कळून उपयोगही नसतो.

मग सुरू झाल्या गोळ्या. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने एका गोळीत तीन. वजनावर गोळ्यांची संख्या ठरते, माझ्या वाट्याला रोज तीन आल्या. सकाळी उपाशीपोटी. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली. सांगितलेलं होतं, तरी दचकले. घामालाही तो रंग येतो, माझ्या पांढऱ्या ओढणीवर अजून डाग आहेत. सांधे दुखायचे, ते एका औषधामुळे. तळव्यांना मुंग्या यायच्या, त्या दुसऱ्यामुळे, त्यासाठी आणखी एक गोळी. तिसऱ्याने क्वचित रंग ओळखण्यात गडबड होते, म्हणून मी रोज खिडकीतून समोरच्या घराच्या वाळत घातलेल्या साड्यांचे रंग म्हणून दाखवायचे. हे खालून ओळीने तपासायचे. "ती मोरपंखी नाही, हिरवी आहे." "अहो, मोरपंखीच आहे." म्हणजे डोळे ठीक होते, भांडणही.

माझी रवानगी झाली वरच्या खोलीत. पूर्वेची खिडकी, दुपारी कडेला अजिंक्यतारा दिसतो. खिडकी सतत उघडी ठेवायची, कारण हा रोग हवेतून पसरतो आणि वाहती हवा हाच त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. कुणी आलं की तोंडाला मास्क. थुंकी झाकणाच्या डब्यात. औषध नीट सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूपच उतरतो, पण मी भीतीने पुढेही बरेच दिवस वरच राहिले.

सगळे म्हणाले, बरं झालं, आता वेळच वेळ, कादंबरी पूर्ण होईल. लोकांना लेखक आणि क्षय यांचं फार सुरेख चित्र माहीत असतं. चेकॉव्ह, काफ्का, ऑर्वेल... ऑर्वेलने '1984' चा अखेरचा खर्डा 1948 मध्ये अंथरुणात बसून टाइप केला, हे मीसुद्धा कधीतरी व्याख्यानात टाळ्या घेण्यासाठी सांगितलंय. त्याला स्ट्रेप्टोमायसिन मिळालं होतं, ते अंगावर उलटलं, बंद करावं लागलं, आणि 1950 च्या जानेवारीत तो गेला, हे मात्र मी व्याख्यानात सांगत नसे. लय बिघडते.

मी त्या खोलीत एक ओळ लिहिली नाही. निम्मी झालेली नवी कादंबरी टेबलावर पडून होती, तिच्यावर गोळ्यांची पाकिटं ठेवत होते. आजारपणात माणूस खोल वगैरे जात नाही हो. तो पंख्याकडे बघतो. कुकरच्या शिट्ट्या मोजतो. खाली कोण आलं, काय बोललं, माझ्याबद्दल तर नाही ना, हे ऐकायचा प्रयत्न करतो.

आणि ताट. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, भांडी वेगळी ठेवायची काही गरज नाही, ताटावाटीतून हा पसरत नाही. तरी मी पहिल्याच दिवशी एका स्टीलच्या ताटाच्या मागे नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला आणि ह्यांना म्हटलं, हे माझं. हे म्हणाले, "अगं, त्या काय म्हणाल्या ऐकलंस ना?" ऐकलं होतं. पण आमच्या घराण्याला ताट वेगळं काढायची सवय आहे.

ते सांगते.

आमचं मूळ घर वाईचं. माझ्या वडिलांची एक बहीण होती, मी जन्मायच्या आधीच गेली. 'आत्या अशक्तपणाने गेली' एवढंच आम्हा भावंडांना माहीत. मोठी झाल्यावर कळलं की क्षय होता. माडीवरच्या खोलीत होती, तिचं ताट-वाटी वेगळं होतं, जर्मनचं, आणि ती गेल्यावर ते पुरून टाकलं. लेखिकेला एवढं पुरतं. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली माडीवरची मुलगी, जिच्यावर तुमच्यापैकी कितीतरी जणींनी मला पत्रं लिहिली, ती हीच. खिडकीतून कृष्णा बघत, सगळ्यांना क्षमा करत, शांतपणे मरणारी.

कादंबरीत मी काळ 1932 चा घेतला होता. का घेतला, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

खोलीत जाऊन नववा दिवस असेल. आईचा फोन आला, पुण्याहून, भावाकडून. ती श्याऐंशीची आहे, तिलाही निमोनियाच सांगितला होता. माझं बोलणं मध्येच खोकल्याने तुटलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग आई म्हणाली, "औषध वेळेवर घेतेस ना? एक दिवससुद्धा चुकवू नकोस. तिला मिळालं नाही."

मी विचारलं, कुणाला. आणि मग श्याऐंशी वर्षांच्या बाईने अठराव्या वर्षापासून पोटात ठेवलेलं सगळं मला फोनवर सांगितलं.

आईचं लग्न 1957 चं. आत्या गेली 1958 मध्ये, तेवीस वर्षांची. म्हणजे आई नवी नवरी होती आणि माडीच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर ते जर्मनचं ताट ठेवून यायचं काम तिचं होतं. ठेवायचं, कडी वाजवायची, आणि खाली यायचं. वर बघायचं नाही. डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी सुया सांगितल्या होत्या. रोज सुई द्यायला कंपाउंडर घरी येणार, आणि रोज कंपाउंडर आला की आळीत कळणार. पाठच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. आजोबांनी डॉक्टरांना सांगितलं, बघू. बघू म्हणता म्हणता पावसाळा संपला.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हिशेब करत बसले. रॉबर्ट कॉखने हा जंतू दाखवला 1882 मध्ये. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयाने गेल्या, बाविशीसुद्धा पूर्ण नव्हती. जंतू माहीत होता, औषध नव्हतं. कुणी काही करू शकत नव्हतं. पण स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 मध्ये. आयसोनियाझिड, जे माझ्या आजच्या गोळीतही आहे, ते वापरात आलं 1952 मध्ये. 1956 पासून मद्रासला तर मोठा प्रयोगच चालू होता. निम्मे रोगी सॅनिटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी, गरिबीत, दाटीवाटीत, औषध दोघांना एकच. 1959 मध्ये निकाल छापून आला. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. आज मी माझ्या घरात, माझ्या खिडकीशी बसून बरी होऊ शकले ती त्या मद्रासच्या रोग्यांच्या जिवावर.

आणि वाईहून पसरणी घाट चढलं की पाचगणी. तिथे क्षयाचं सॅनिटोरियम होतं. बारा किलोमीटर.

म्हणजे 1932 मध्ये ती मुलगी मरणारच होती. 1958 मध्ये मरायची गरज नव्हती. मला वर्ष माहीत नव्हतं असं नाही, घरातल्या फोटोमागे लिहिलेलं होतं. मी काळ मागे नेला, कारण मागे नेला की कुणाचा दोष उरत नाही. फक्त नियती उरते, खिडकी उरते, कृष्णा उरते. लोक म्हणाले, केवढी करुणा आहे लेखिकेच्या लेखणीत! मी माझ्या आजोबांना वाचवलं होतं, बाकी काही नाही.

हे एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण संपलं नाही, कारण मी त्यांचीच नात.

औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची ताई घरी आली होती. टीबीची नोंद सरकारकडे करणं 2012 पासून सक्तीचं आहे, त्यामुळे ती येतेच. शांत, हसरी मुलगी. तिने विचारलं, घरात कोण कोण राहतं, नेहमी येणारं-जाणारं कोण? त्यांचीही तपासणी करायची असते. मी ह्यांचं नाव सांगितलं. लेक, सून, नात दिवाळीत दहा दिवस राहून गेली होती, ते सांगितलं. सुनेला फोन करून सांगताना माझा हात थरथरत होता. ती दोन क्षण काही बोलली नाही, मग म्हणाली, "आई, उद्याच दाखवून घेतो. तुम्ही जेवताय ना नीट?" नात चार वर्षांची. तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, ह्यांनाही. दोघंही ठणठणीत आहेत.

पण यादीत मी आमच्या कामाच्या मावशींचं नाव सांगितलं नाही. अकरा वर्षं रोज दोन तास घरात असतात. माझी खोली झाडतात. मी लिहीत असले की माझ्या शेजारी फरशीवर बसून भाजी निवडतात. त्या आणखी चार घरी काम करतात, आमच्याच गल्लीत. त्यांना कळलं की चार घरी कळणार. मी त्यांना फोनवर म्हटलं होतं, निमोनिया झालाय, महिनाभर सुट्टी घ्या, पगार पूर्ण देते. पगार पूर्ण देते म्हटल्यावर मला किती उदार वाटलं होतं!

आईचा फोन झाल्यानंतरच्या तीन रात्री झोप लागली नाही. चौथ्या पायरीवरचं ताट डोळ्यांसमोर. चौथ्या दिवशी सकाळी गोळ्या घेतल्या आणि मावशींना फोन लावला. म्हटलं, "मावशी, मी खोटं बोलले. मला टीबी झालाय. तुम्ही तपासून घ्यायला हवं. आधीच सांगायला हवं होतं."

मला वाटलं त्या रागावतील. रागवायला हवंच होतं. त्या म्हणाल्या, "काकू, घाबरू नगा. माझ्या मालकांना बी झालता, चार वर्सं झाली. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरं झालं. मी तुमास्नी सांगितलं न्हाई. म्हटलं, काम जाईल."

मला बोलताच येईना. चार वर्षांपूर्वी त्या चार-पाच दिवस आल्या नव्हत्या, 'घरी पावणे' म्हणाल्या होत्या. मी पैसे कापले नव्हते, पण कुरकुर केली होती.

तुम्हाला वाटेल, मग तिथूनच आला असेल. मलाही एक क्षण वाटलं. डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा. त्यांनी परत तेच सांगितलं, सांगता येत नाही, येणारही नाही. आणि मावशींची तपासणी झाली ती स्वच्छ आली. भारतात दरवर्षी पंचवीस लाखांहून जास्त लोकांना हा रोग होतो. बसमध्ये, लग्नात, साहित्य संमेलनाच्या मांडवात, कुठेही. पण मला कुठून आला हा प्रश्न तेव्हाच सुटला आणि दुसरा मागे लागला. चार वर्षांपूर्वी मावशींनी खरं सांगितलं असतं तर मी त्यांना कामावर ठेवलं असतं का?

मी ह्याचं उत्तर बरेच दिवस चांगलं देऊन पाहिलं. ठेवलं असतं, औषधाला मदत केली असती, वगैरे. खरं उत्तर असं आहे की मी म्हटलं असतं, 'मावशी, तुम्ही आता थोडे दिवस आराम करा.' अगदी प्रेमाने. आणि दुसरी बाई शोधली असती. मावशींनी मला बरोबर ओळखलं होतं. अकरा वर्षं शेजारी बसून भाजी निवडणाऱ्या बाईने, जिने माझी एकही कादंबरी वाचलेली नाही.

असो.

मावशी आता परत येतात. त्यांनीच मला दोन सल्ले दिले. गोळ्या घेतल्यावर मळमळलं तर तासाभराने थोडे फुटाणे, आणि अंडी. आमच्या घरात कधी अंडं शिजलं नव्हतं. सरकार टीबीच्या रोग्याला पोषणासाठी महिन्याला पैसे देतं, आधी पाचशे होते, नोव्हेंबर 2024 पासून हजार. हे एसटीतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. म्हणाले, सरकारी पैसा पोषणासाठीच खर्च झाला पाहिजे, आणि अंडी घेऊन आले. पहिली दोन इतकी उकडली की पिवळ्या बलकाभोवती हिरवी कड आली. मी ती खाल्ली. चव आवडली नाही, पण तसं सांगितलं नाही. हे एक खोटं मात्र चालू राहणार आहे.

कादंबरीचं विचाराल तर ती नवी, निम्मी झालेली, बाजूला ठेवली आहे. प्रकाशकांना तसं कळवलंय, त्यांनी समजून घेतलं. आईला दर रविवारी फोन करते आणि 1957-58 बद्दल विचारते. जिना किती पायऱ्यांचा होता, कडी कुठल्या हाताने वाजवायची, वरून कधी आवाज यायचा का. परवाच्या रविवारी आई म्हणाली, ती वरून विचारायची, आज भाजी कुठली आहे? आणि मी उत्तर न देता खाली यायची, कारण बोलायचं नाही असं सांगितलेलं होतं. एवढं सांगून आईने फोन ठेवला. मी वहीत लिहून घेतलं. रोज एखादं पान होतं. ह्या वेळी वर्ष बदलणार नाही. त्याचं पुस्तक होईल की नाही ठाऊक नाही, आई असेपर्यंत तरी नाही.

ज्यांना ज्यांना मी निमोनिया सांगितला त्या सगळ्यांना सॉरी. विशेषतः पुण्याच्या धाकट्या जाऊबाईंना, त्यांनी माझ्यासाठी निमोनियाचा काढा करून पाठवला होता आणि मी तो छान आहे म्हणाले होते. आणि मंडळी, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तो धुळीचा आहे असं स्वतःच ठरवू नका. थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणीही फुकट, औषधही फुकट. आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना खोकला असेल तर त्यांनाही घेऊन जा. पण आधी सांगा, काम जाणार नाही. हे आधी सांगा.

ताटाचं राहिलंच. गोळ्या संपल्या त्या दिवशी मी खाली जेवायला बसले आणि लाल ठिपक्याचं ताट शोधायला लागले. सापडेना. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "फेब्रुवारीतच मावशींनी घासून काढला तो ठिपका. कुठलं होतं ते मलाही माहीत नाही."

सहाही ताटं उलटी करून बघितली. सगळी सारखीच.

चला, बरंच झालं लिहून. अजून दम लागतो. बाकी पुढच्या वेळी.